लावलेली हराळी

आमच्या भागात एखाद्या बाईला आळशी म्हणायचं असेल तर तिच्या स्वयंपाकघरात कुणी डोकावत नाही, तिच्या रानाकडे बघतात. बांधावरची हराळी आत शिरलेली दिसली की संपलं. 'तिच्या रानात हराळी माजलीया' एवढं म्हटलं की त्या बाईबद्दल आणखी काही विचारायचं उरत नाही. हराळी म्हणजे गणपतीला वाहतात ती दूर्वाच. पण देवाच्या डोक्यावर असते तोवर तिला मान, रानात आली की ती वैरीण. वरून उपटली तरी जमिनीखाली तिच्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या काश्या राहतात आणि एवढ्याशा तुकड्यातून पुन्हा सगळा पसारा उभा राहतो. वडूजच्या पलीकडे आमचं गाव. कोरडवाहू रान, वडील पलटणीत, त्यामुळे भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, आईच्या एकटीच्या अंगावर. माझ्या आईचं निम्मं आयुष्य काश्या वेचण्यात गेलं.

अशा आईच्या पोटी जन्मून मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरापुढे हराळी लावली. मुद्दाम, हौसेनं, नर्सरीतून आणून. तिला आम्ही लॉन म्हणतो.

लॉनचं वेड मला साताऱ्यात लागलं. वडील नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांच्या पेन्शनच्या कामाला आम्ही तिघं गेलो होतो. मी शाळेत होते. कचेरीपुढे हिरवळ होती. एवढं गवत असून त्याला एकही जनावर तोंड लावत नाही, हे मला खरंच वाटेना. मी त्यावर धावत सुटणार तेवढ्यात आईनं दंडाला धरून मागं ओढलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "पाटी हाय बग. काय लिवलंय?" मी ऐटीत मोठ्यानं वाचलं, 'गवतावर चालू नये'. मग आम्ही कडेच्या फरशीवर बसून भाकरी खाल्ली. आईनं पडलेले तुकडेसुद्धा वेचून घेतले, गवतात जाऊ दिले नाहीत.

मोठेपणी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, आणि घरापुढे चार खाटा मावतील एवढी जागा मिळाली. तिथं मी माझा सातारा उभा केला. पाटी तेवढी लावली नाही. तिची गरजही नव्हती, कारण दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना मी तोंडानंच सांगायची, कडेनं या, कडेनं या. आमचे हे म्हणायचे, "या घरात गवताला जेवढा मान आहे तेवढा मला असता तर." मी हसायची, पण जागची हलायची नाही.

पहिल्या वर्षी गवत बरं आलं, थोडं विरळ, मधेमधे लव्हाळा घुसलेला. थंडी पडली की हराळी झोपते. हिरवेपणा जातो, पेंढ्यासारखा रंग येतो, नवख्या माणसाला वाटतं मेली. मी काळजी केली नव्हती. पुढच्या वर्षाचा सगळा बेत डोक्यात पक्का होता. फेब्रुवारी सरता सरता वरचं वाळलेलं दाताळ्यानं ओरबाडून काढायचं, आमची काळी माती चिकट म्हणून तिला काट्यानं भोकं पाडायची, वर चाळलेलं शेणखत आणि वाळू पसरायची, ऊन तापलं की थोडा युरिया द्यायचा. पावसाळ्यापर्यंत गालिचा. मी ग्रंथालयात बसून पुस्तकांवर शिक्के मारताना मनात हे गवत वाढवायची.

गेल्या जानेवारीत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. वडील गेल्यापासून ती गावात एकटीच असते. दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टरांनी आधी उजवा केला आणि महिना-दीड महिन्यानं डावा करू म्हणाले. बजावून सांगितलं, आजी, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही.

आता लेकीच्या घरी राहणं हे आमच्याकडच्या बायकांना जड जातं. आई माझ्या लग्नानंतर मला मूल होईपर्यंत माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मुलगी झाल्यावर ती अट सुटली, पण अवघडलेपण सुटलं नाही. आली की ती कामाला हात घालायचीच. लसूण सोल, डाळ निवड, धुणं घडी घाल. काही नाही मिळालं तर गॅसच्या ओट्यामागची फरशी घासून काढायची. "बसून खायाचं म्हंजी घास उतरत न्हाई गं," म्हणायची. ऑपरेशननंतर मी तिला हेही करू देत नव्हते. काळा चष्मा लावून ती दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीशी बसायची. बसणं हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

आणि नव्या डोळ्यानं तिला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर खिडकीबाहेरची हराळी.

त्या दिवशी आम्ही दोघंही कामावर होतो. संध्याकाळी मी फाटक उघडून आत आले आणि थबकले. अंगण काळंभोर, मऊ, ढेकूळ म्हणून नाही. कुंड्यांपाशी पडलेलं माझं छोटं खुरपं घेऊन आईनं एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत सगळं भांगलून काढलं होतं. भिंतीशी काश्यांचा ढीग. ढिगाशेजारी आई उभी, लुगड्याचा ओचा खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे, डोळ्यांवर तो काळा चष्मा. गल्लीत ऐकू जाऊ नये अशा बेतानं हळू म्हणाली, "बग, एक काशी ठिवली न्हाई. नोकरीच्या रगाड्यात तुला कवा सवड व्हायाची? लय माजली व्हती. येणारी-जाणारी नावं ठिवत असत्याली तुला."

मला राग लवकर येतो. तो आमच्या घराण्यातच आहे, पण म्हणून तो माझा नाही असं होत नाही. मी म्हणाले, "काय केलंस हे? वर्ष घातलं होतं मी यात. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? हे काय तुझं रान आहे?"

आईनं ढिगाकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी? ही लावल्याली व्हती?"

तिला खरंच कळत नव्हतं. हराळी लावायची गोष्ट असते, हे तिच्या कुठल्याच पिढीनं ऐकलेलं नव्हतं. मी चपला आपटत आत गेले.

नंतर मी ह्यांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, मुलीला पुण्याला फोन करून सांगितलं, की आजीनं ऑपरेशनच्या डोळ्यानं दिवसभर मातीत काम केलं म्हणून मी ओरडले. सगळ्यांना ते पटलं. माझं मला खरं काय ते ठाऊक आहे. माझा पहिला शब्द गवताबद्दल होता, आणि त्यानंतरचे सगळेही. डोळ्याची आठवण झाली तेव्हा आई आत येऊन मोरीवर हात धूत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, डोळा ठीक होता. माझं नशीब म्हणून ठीक होता, माझ्या काळजीमुळे नाही.

त्यानंतर आई खिडकीपाशी बसली नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लसूण मागितला नाही, डाळ मागितली नाही. उलट विचारायला लागली. "ही वाटी घिऊ का?" "हितं टावेल टाकला तर चालंल का?" प्रत्येक वेळी मी म्हणायची, आई, विचारतेस काय, घे की. पण विचारायला मीच शिकवलं होतं. पहिल्या डोळ्याचे टाके-बिके नव्हतेच, तपासणी झाली आणि तिनं गावाला जायचं काढलं. निघताना एक रिकामं पोतं मागितलं आणि तो काश्यांचा ढीग त्यात भरला. "चुलीत घालीन," म्हणाली. मला तो ढीग डोळ्यासमोर नकोच होता. ह्यांनी तिला स्टँडवर नेऊन वडूजच्या गाडीत बसवलं, पोतं वर चढवून दिलं. मी कामावर गेले होते. रजा घेता आली असती.

ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये डाव्या डोळ्यासाठी फोन केला. म्हणाली, "ज्वारीची काढणी हाय, ती झाल्याव बगू." काढणी झाली. म्हणाली, "आता यात्रा हाय." यात्रा झाली. म्हणाली, "एका डोळ्यानं भागतंय की गं. आता काय सुईत दोरा ववायचाय?" भाऊ फौजेत, राजस्थानात, त्यानंही फोनवरून रागावून बघितलं. उपयोग नाही. डावा डोळा पिकत चालला होता आणि ती माझ्या घरी यायला तयार नव्हती. इतर कुठलं कारण असेल असं मी स्वतःला समजावून बघितलं, ते टिकलं नाही.

इकडे मी, कशी कोण जाणे, पुन्हा लॉनच्याच मागे लागले. माणसाला जे दुरुस्त करता येत नाही त्याच्या शेजारचं काहीतरी तो दुरुस्त करत बसतो. नर्सरीतून तयार गवताचे तुकडे आणून सतरंजीसारखे अंथरले. बारीक पात्याचं, दिसायला देखणं. त्याला रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घालायची. आता कळतं, हीच चूक. रोज वरवर ओलावा मिळाला की मुळं आळशी होतात, खाली जातच नाहीत. वर हौसेनं अगदी बुडख्यापर्यंत कापलं, छान दिसावं म्हणून. एप्रिलच्या उन्हानं ते करपायला लागलं, म्हणून आणखी पाणी.

आईचा फोन बहुधा त्याच वेळी यायचा. म्हणायची, टँकर परवा येणार होता, आला नाही, आज दोन कळशांवर भागवलं. माझ्या हातात पाइप असायचा. फोनवर पाण्याचा आवाज जाऊ नये म्हणून मी आधी नळ बंद करायची आणि मग "बोल आई" म्हणायची. ते गवत मेमध्ये मेलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं.

मेच्या सुट्टीत न कळवता गावाला गेले. मनात ठरवून गेले होते की तिला घेऊनच यायचं, डोळा करायचा. आई घरात नव्हती. मागल्या दारी गेले. न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं तिथं, आमच्या त्या पांढऱ्या मुरमाड जागेत, एवढासा हिरवा तुकडा होता. भोवती काट्या रोवलेल्या, शेळ्या येऊ नयेत म्हणून. हराळी. आई तांब्यानं अंघोळीचं उरलेलं पाणी त्यावर शिंपडत होती, आणि डाव्या बाजूचं दिसत नसल्यामुळे मान वळवून वळवून बघत होती.

शेजारची काकी कुडावरून बघत उभी होती. मला म्हणाली, "बरं झालं आलीस. इचार तुझ्या आयला, म्हातारपणी ह्ये काय खूळ काढलंय. समदं गाव हराळी उपटतंय आन ही पाणी घालती. सांडपाण्याव दोडक्याचा येल चढवला असता तर भाजी तरी झाली असती." मी कसंबसं म्हणाले, "आवं काकी, असू द्या." काकी हसत आत गेली.

आई चोरी सापडल्यासारखी उभी होती. तिच्या जन्मात तिला हराळीला पाणी घालताना कुणी बघितलं नव्हतं, आणि बघितलं ते सगळ्या गावानं. म्हणाली, "तुझी तुला माघारी द्याया नगं का? पोत्यातली निम्मी वाळून ग्येली. निम्मी जगली." मग जरा सारवासारव करत, "पाऊस लागला की न्ह्येशील म्हनलं. तवर वाढंल."

मला तिथंच रडू आलं. दोन कळशांवर भागवणारी बाई माझं गवत जगवत होती, आणि मी नळ बंद करून तिच्याशी बोलत होते. मी म्हणाले, "आई, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं त्यात? मीच इचाराया पायजे व्हतं. लेकीच्या घरात आपुन इचारून वागावं."

यापेक्षा तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी डोळ्याचं काढलं. आज चल म्हणाले, उद्या चल म्हणाले. ती ऐकेना. शेवटी म्हणाली, "आदी ही लावू तुझ्या दारात. मंग बगू डोळ्याचं. मोकळ्या हातानं मी यायाची न्हाई."

तेव्हा मला कळलं की तिला आणायचा एकच मार्ग आहे. आई, ये, आराम कर, असं म्हटलं तर ती येणार नाही. आई, काम आहे, म्हटलं तर येईल. मी तेच म्हटलं. तिला सांगितलं की मला लावता येत नाही, माझं सगळं मेलं, तू आल्याशिवाय होणार नाही. खोटंही नव्हतं ते.

जूनमध्ये जमीन भिजल्यावर ती आली, तेच पोतं घेऊन. मी अंगण तयार ठेवलं होतं, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढून, चाळलेलं खत आणि वाळू मिसळून, फळीनं सपाट करून. आई बसली आणि रानात कांद्याची लागण करावी तशी बसल्या बसल्या पुढे सरकत गेली. खुरप्यानं बारीक चर, त्यात काशीचे तुकडे, वरून माती, अंगठ्यानं दाब. मधेच हसायला लागली. "मला कुनी बगितलं तर म्हनंल, म्हातारी चळली. जलमभर उपटली आन आता लावाया बसलीया." मीही हसले. ह्यांनी चहा आणून दिला तर पदर सावरून म्हणाली, "पावनं, कशाला तरास घ्येता?" पण प्यायली. दुपारी जेवताना स्वतः मागून भाकरी घेतली. माझ्या घरी तिनं मागून घेतलेलं मी पहिल्यांदा बघितलं. सख्ख्या आईला घरी आणायला मला रोजगारी बाईसारखं कामावर बोलवावं लागलं होतं.

लागण झाल्यावर मग डावा डोळा झाला. या वेळी मी रजा काढली. आई पुन्हा खिडकीपाशी बसली, या वेळी खुशीनं, आणि हराळी कुठवर आली ते मला रोज सांगत गेली. "आज त्या कोपऱ्यातली दगडाला येऊन टेकली." गौरी-गणपतीत गल्लीतल्या बायका आमच्याकडून दूर्वा खुडून नेऊ लागल्या तेव्हा ती म्हणाली, "बग, देवानं बी शेवटी हराळीच मागितली." मग तिला गावाची ओढ लागली आणि ती गेली.

मी यंदा शहाणपणानं वागले. गवत बोटभर उंच ठेवलं, एका वेळी वरचा शेंडाच तेवढा कापला. पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, पण खोलवर मुरेल असं. पावसाळा ओसरता ओसरता पुन्हा खत-वाळूचा पातळ थर दिला. दिवाळीपर्यंत माती दिसेनाशी झाली. साताऱ्याच्या त्या कचेरीपुढेही इतकं दाट नव्हतं, निदान माझ्या आठवणीत तरी.

आता पुन्हा जानेवारी आहे. थंडीनं गवताचा रंग उतरलाय. डोळे दाखवायला आई आलीय. दोन्ही डोळ्यांनी तिला आता इतकं दिसतं की माझे पिकलेले केस ती मोजायला बसते. काल सकाळी अंगणात ऊन आलं होतं. तिला पलीकडच्या तुळशीला पाणी घालायचं होतं. हातात तांब्या घेऊन ती पायरी उतरली, गवताच्या कडेशी आली, चपला काढल्या. धान्याच्या खळ्यावर जाताना काढाव्यात तशा. आणि तिथंच थांबून मला म्हणाली, "पाय दिला तर चालंल का गं?"

मी म्हणाले, "आई, असं काय विचारतेस. तूच लावलंयस. तुझंच रान आहे हे."

त्या संध्याकाळचेच माझे शब्द तिला ओळखू आले की नाही, कळलं नाही. म्हणाली, "तसं नगं म्हनू बाई. लेकीचं ते लेकीचं."

तिनं चपला पुन्हा पायात घातल्या आणि कडेच्या फरशीवरून, सगळ्या अंगणाला वळसा घालून, ती तुळशीपाशी गेली. येतानाही तशीच आली. आज सकाळीही ती फरशीवरूनच गेली.